थंडीचं वीजबिल : गिझर, सोलर, हीटर आणि शंभराच्या पुढचे युनिट

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : पंखे बंद, कूलर माळ्यावर, तरी बिल वाढलं. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : चौघांचं घर, १५ लिटरचा गिझर, एसी नाही. मे महिन्यात रात्रंदिवस पंखे असूनही १२० युनिट आले. जानेवारीत पंखे बंद आणि २१० युनिट! बिल तर दुपटीच्या वर गेलं. मीटर पळतोय का?

उत्तर : मीटर बहुधा बरोबर आहे. हिशोब मांडून बघा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, की युनिट मिळतात. हे एवढं लक्षात ठेवलं तर गिझर, सोलर, गॅस सगळ्याचा हिशोब घरबसल्या होतो.

मे महिन्यात टाकीतलं पाणी २९-३० अंशांवर असतं. २० लिटरची बादली जेमतेम ३६ अंशांपर्यंत कोमट करायची, तर ०.१६ युनिट पुरतात. जानेवारीत सकाळी तेच पाणी १८ अंशांवर येतं आणि अंगाला ४१ अंशांचं हवंसं वाटतं. २० गुणिले २३ भागिले ८६०, म्हणजे ०.५३ युनिट. एका बादलीमागे तिपटीहून जास्त. चार आंघोळींचे दोन युनिट, भांड्यांना गरम पाणी, गिझरच्या टाकीतून नुसती निघून जाणारी उष्णता, असे रोजचे तीन युनिट झाले. महिन्याला ९०. तुमची वाढ मुख्यतः इथूनच आली आहे.

आता बिल दुपटीहून जास्त का? महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त आणि १०१ ते ३०० चा टप्पा जवळपास दुप्पट दराचा आहे. तुमचे वाढलेले ९०च्या ९० युनिट याच महाग टप्प्यात पडले आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागलं. एक गैरसमज मात्र काढून टाका : १०१ वा युनिट पडला की पहिले शंभरही महाग होतात, असं नाही. वरचे तेवढेच महाग. म्हणून १० युनिट वाचवले तरी ते महागातले वाचतात.

घर बंद होतं म्हणून मागचं बिल सरासरीने आलं असेल आणि यंदा दोन महिन्यांचं रीडिंग एकदम घेतलं असेल, तर टप्पेही दोन महिन्यांचे धरलेले हवेत, म्हणजे पहिला टप्पा २०० युनिटांचा. तसं नसेल तर तक्रार करा, दुरुस्ती होते.

तरीही मीटरवर शंका असेल तर स्वतः तपासा. मीटरवर १६०० किंवा ३२०० इम्पल्स प्रतियुनिट असं छापलेलं असतं आणि एक लाल दिवा लुकलुकत असतो. फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर सगळं बंद करून फक्त २००० वॅटचा गिझर लावा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १०५ च्या आसपास, १६०० च्या मीटरवर ५३ च्या आसपास लुकलुक दिसली की मीटर ठीक. व्होल्टेज कमी असेल तर आकडा थोडा खाली येईल, ते चालतं. घरातला मेन स्विच पाडूनही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठेतरी दुसरी जोडणी किंवा गळती आहे. ते काम वायरमनचं.

बादलीऐवजी कोणी शॉवर घेत असेल तर तिथे आधी बघा. साधा शॉवर मिनिटाला ९ लिटर सोडतो. आठ मिनिटांत ७२ लिटर, म्हणजे १.९ युनिट. एका माणसाच्या शॉवरमध्ये साडेतीन बादल्या जातात. शॉवर सोडायचा नसेल तर मिनिटाला ६ लिटरचा शॉवरहेड लावा, एका आंघोळीत ०.६ युनिटाच्या आसपास वाचतो.

प्रश्न (सातपूर, नाशिक) : गिझर सतत चालूच ठेवावा, पुन्हा पुन्हा गार पाणी तापवण्यात जास्त वीज जाते, असं शेजारी सांगतात. खरं आहे का? शिवाय, इन्स्टंट गिझर कमी वीज खातो का?

उत्तर : दोन्ही खोटं.

गरम पाणी नुसतं टाकीत राहिलं तरी निवत जातं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवत बसतो. १५ लिटरचा जुना, स्टार नसलेला गिझर दिवसभर चालू ठेवला तर एकही बादली न काढता युनिटभर जाऊ शकतो. चांगल्या स्टार गिझरमध्ये हे कमी होतं. नवीन घेताना बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवरचा २४ तासांच्या उष्णताहानीचा आकडा वाचा. स्टार त्याच आकड्यावरून मिळतात. वीज किती 'खातो' हे वॅटवरून ठरत नाही.

वेळेचं गणित असं : १५ लिटर पाणी १८ वरून ५५ अंशांवर न्यायला २००० वॅटला वीस मिनिटं. त्यात गार पाणी मिसळलं की ४१ अंशांचं सुमारे २२ लिटर हाताला लागतं. म्हणजे एक बादली आणि वर दोन तांबे. तेव्हा पहिल्या आंघोळीच्या वीस मिनिटं आधी चालू करा, घरच्यांनी पाठोपाठ उरकून घ्या आणि शेवटच्या माणसाने आत जातानाच बटण बंद करावं, टाकीतलं पाणी त्याला पुरतं. सगळ्यांत जास्त वीज आंघोळ करून बाहेर आल्यावर बटण बंद करण्यात वाया जाते, कारण तोवर आत पुन्हा १५ लिटर तापायला घेतलेलं असतं आणि ते संध्याकाळपर्यंत निवून जातं. थर्मोस्टॅटची चकती बाहेरून फिरवता येत असेल तर ५५ वर ठेवा. ७० वर ठेवून त्यात बादलीभर गार पाणी ओतण्यात काही हशील नाही.

३ लिटरचा इन्स्टंट गिझर ३००० वॅटचा असतो. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला तेवढेच युनिट लागतात, फक्त साठ्याची हानी वाचते. त्याची खरी अडचण वेगळी : २३ अंश वाढवायचे तर तो मिनिटाला दोन लिटरही देत नाही. बादली भरायला दहा-अकरा मिनिटं. नळ जोरात सोडला की पाणी कोमट येतं आणि दोष गिझरला मिळतो. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो ठीक. नाशिकच्या थंडीत आंघोळीला नको.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : बोअरचं पाणी आहे. मेकॅनिक म्हणतो, कॉइलवर क्षार चढल्यामुळे बिल दुप्पट येतंय, कॉइल बदला.

उत्तर : कॉइल बदलावी लागेलही, पण बिलासाठी नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्यावर कितीही थर चढला तरी तिची सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते, दुसरी वाट नाही. थरामुळे बिल दुप्पट होत नाही. होतं ते असं : थराखाली कॉइल आतल्या आत जास्त तापते, तिचं आवरण तडकतं, मग आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडायला लागतो किंवा नळाला झटका बसतो. दुसरं, थर्मोस्टॅटच्या नळीवर थर चढला की त्याला पाण्याचं तापमान उशिरा कळतं आणि थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा भाग) उडतो. पाणी तापायला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा. २३० ऐवजी २०० आलं की २००० वॅटची कॉइल दीड हजार वॅटचंच काम करते.

क्षार काढायचे तर एमसीबी पाडा, गार पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, इनलेटची नळी सोडून टाकी रिकामी करा. खालच्या झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने सैल करा. कॉइल कोमट पाण्यात, लिटरला शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून, दोन-तीन तास बुडवून ठेवा. मात्र जोडणीची टोकं पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका, ते तांबं आणि टाकीचं अस्तर दोन्ही खातं. कॉइलशेजारी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी स्वतः झिजणं एवढंच त्याचं काम. निम्म्याहून बारीक झाला की बदला. बोअरच्या पाण्याला दरवर्षी बघावा लागतो. गास्केट नवीनच घाला. जोडून झाल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत बटणाला हात लावू नका. रिकाम्या टाकीत लावलेली नवी कॉइल मिनिटभरात जळते आणि वॉरंटीतही बसत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी ठिबकणं साहजिक आहे, पाणी फुगतं. पण गरम नळ दिवसभर सेकंदाला एक थेंब सोडत असेल, तर दिवसाला निदान चार-पाच लिटर तापवलेलं पाणी मोरीत जातंय. दहा रुपयांचा वायसर बदला.

प्रश्न (कोल्हापूर) : वीज महाग म्हणून गॅस गिझर घ्यावा का? सिलिंडर परवडेल का?

उत्तर : १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता, चांगल्या गॅस गिझरमधून धुराड्यावाटे जाणारी वजा करून, सुमारे १५० युनिट विजेइतकं पाणी तापवते. सिलिंडरची आजची किंमत भागिले १५०, हा तुमचा 'गॅसचा युनिट'. तो बिलातल्या दुसऱ्या टप्प्याच्या दराशी ताडा, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) आणि १६ टक्के शुल्क धरून. शंभराच्या पुढे वापर जात असेल तर गॅस स्वस्तच पडतो. शंभराच्या आत असाल तर फारसा फरक नाही. सिलिंडरमध्ये साधारण अडीचशे बादल्या निघतात, चौघांना दोन महिने. पाइपगॅस असेल तर एका घनमीटरला साडेआठ युनिट धरा. फक्त एलपीजीचा गिझर पाइपगॅसवर तसाच चालत नाही, जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे असतात.

पैशांपेक्षा महत्त्वाचं : गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवू नका. दार-खिडकी बंद, आत ज्योत, प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. आधी डोकं जड होतं, मग पाय लुळे पडतात आणि कडी काढायलाही उठता येत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गिझर बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून बसवा आणि फक्त पाण्याचा पाइप आत न्या. 'एक्झॉस्ट फॅन आहे की' हे उत्तर पुरेसं नाही. पंखा हवा बाहेर ओढतो, आत यायला वाट नसेल तर धूरही धुराड्यातून उलटा येतो.

गिझर पेटत नसेल तर नव्वद टक्के वेळा दोन जाडे सेल संपलेले असतात किंवा पाण्याचा दाब कमी असतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हे हमखास होतं.

प्रश्न (सोलापूर) : बंगल्यावर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर आहे. तरी हिवाळ्यात बिल वाढतं आणि सकाळी बराच वेळ गार पाणीच येतं.

उत्तर : सोलरच्या टाकीला बॅकअप कॉइल आहे का, आणि तिचं बटण रात्री चालू राहतं का, हे आधी बघा. २०० लिटर पाणी ४० अंशांनी वाढवायला नऊ युनिटांहून जास्त वीज जाते. शिवाय रात्री कॉइलने टाकी तापवून ठेवली की सकाळच्या उन्हाला करायला काम उरत नाही. सोलर फुकटचा शोभेला. कॉइल फक्त ढगाळ दिवसांनंतर, पहाटे, टायमरवर आणि तासाभरापुरतीच लावा. त्याहून बरं म्हणजे ती तोडून टाका आणि न्हाणीघरात १० लिटरचा छोटा गिझर सोलरच्या पाइपवर जोडा. मग कमी पडेल तेवढंच तापेल. सोलरचं पाणी ६०-७० अंशांचंही येतं, ते गिझरला चालतं का हे घेताना विचारा.

गार पाणी येतं ते पाइपमधलं. एक इंची सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपच्या) एका मीटरमध्ये सुमारे ०.४ लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत पाव लिटर. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत २५ मीटर एक इंची पाइप म्हणजे दहा लिटर निवलेलं पाणी, आणि दर वेळी मागे तेवढंच गरम पाणी पाइपात अडकतं. जाडा पाइप टाकला की पाणी जोरात येईल ही समजूत इथे महागात पडते. उभी लाइन पाऊण इंची करा, बाहेरच्या सगळ्या पाइपला किमान १३ मिलिमीटरचं नायट्राइल फोमचं आवरण घाला आणि त्यावर ऊन सोसणारी टेप गुंडाळा. उघडा फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतो. ते सुरुवातीचं पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरा.

आणखी एक कारण सहसा कोणी तपासत नाही. कुठल्यातरी न्हाणीघरात मिक्सरचे गरम-गार दोन्ही कॉक उघडे आणि पुढे हँडशॉवरचं बटण बंद, असं असेल तर जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतं. गार लाइनला प्रेशर पंप असेल तर ठरलेलंच. मग सगळ्या घराला कोमट पाणी. एकेका न्हाणीघराचा गरम पाण्याचा अँगल कॉक बंद करून बघा. ज्याच्यापाशी पाणी सुधारेल तिथे एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा.

सावलीही बघा. डिसेंबरअखेर सोलापुरात भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम ४९ अंश चढतो, मे महिन्यात तो डोक्यावर असतो. उन्हाळ्यात न आडवी येणारी शेजाऱ्याची तीन मीटरची भिंत डिसेंबरात दुपारी अडीच मीटरहून लांब सावली टाकते आणि सकाळी त्याहून मोठी. नळ्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा, सकाळी लवकर, नळ्या गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकते.

सोलरचं पाणी सगळ्यात गरम संध्याकाळी असतं. घरातल्या दोघांनी संध्याकाळी आंघोळ केली तर तक्रारीला जागाच राहत नाही.

प्रश्न (नागपूर) : आजी आणि लहान बाळ घरात आहे. ऑइल हीटरने वीज वाचते म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : क्वार्ट्‌झ, ब्लोअर, ऑइल, सगळे एका युनिटची एका युनिटएवढीच उष्णता देतात. ऑइल हीटर महाग, जड, आवाज नसलेला आणि बाळाच्या खोलीत भाजण्याचा धोका कमी असलेला, एवढाच फरक. २००० वॅटचा हीटर रोज चार तास म्हणजे आठ युनिट, महिन्याला २४०. घर थेट तीनशेच्या पुढच्या टप्प्यात जातं.

आधी खिडकीतला कूलर बघा. नागपूरकडे तो बारा महिने तिथेच बसवलेला असतो आणि रात्रभर त्याच्या जाळीतून थंड हवा आत येते. बाहेरून प्लास्टिक आणि थर्मोकोल घट्ट बांधा. दाराखालची फट कापडी गुंडाळीने बुजवा. वरती उघडा स्लॅब असेल तर आजींचा पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत घ्या. मग माणूस तापवा, खोली नाही : सव्वाशे वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट रात्रभर चाललं तरी युनिटभरच. ते बाळासाठी वापरू नका, आणि आजींना मधुमेह असेल, पायांना संवेदना कमी असेल, तर झोपण्याआधी गादी ऊबदार करून बंद करा. एसी बदलणारच असाल तर हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसी घ्या, तो एका युनिटमागे तीन युनिटांच्या आसपास ऊब देतो.

हीटर घेतलाच तर १६ अँपियरच्या सॉकेटवरच लावा. २००० वॅटला पावणेनऊ अँपियर लागतात; मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला हीटर बोर्ड वितळवतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, कारण वर गॅस गिझरच्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न (लीड्स, इंग्लंड) : इथे गॅसचा कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) आहे. रेडिएटर कायम चटका बसेल इतके तापलेले, आणि बिल प्रचंड.

उत्तर : रेडिएटर चटका देत असतील तर तिथेच वाचवायची जागा आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो, पण त्यासाठी परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बसवणारे बहुतेक वेळा रेडिएटरचं तापमान ७५-८० वर ठेवून जातात. बॉयलरवर रेडिएटरचं चिन्ह असलेली चकती ६० वर आणा, घर पुरेसं ऊबदार राहिलं तर ५५ वर. नळाच्या चिन्हाची चकती कॉम्बीला ५० पुरते. वेगळी साठवणीची टाकी असेल तर मात्र पाणी ६० अंशांना तापलंच पाहिजे, नाहीतर लिजिओनेला जिवाणू वाढतात. प्रीहीट सुविधा (नळासाठी पाणी आधीच तापवून ठेवणारी) बंद ठेवा. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे : हीटिंग बंद करा, किल्लीने पाव फेरा उघडा, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद करा. मग बॉयलरचा दाब गार असताना १ ते १.५ बार आहे ना, ते बघा.

प्रश्न (ठाणे) : नवीन टीओडी (वेळेनुसार युनिट मोजणारा) मीटर बसलाय. दिवसा वीज स्वस्त म्हणतात. गिझर दिवसा लावून काही फायदा?

उत्तर : टीओडी मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटांवर सवलत आहे, युनिटमागे ८० पैशांपासून. तीन युनिट पुढे ढकलले तर दिवसाला अडीच रुपये. दिवसा तापवलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायचा खटाटोप त्यासाठी करू नका, तेवढं टाकीतच निवून जाईल. पण घरी असणाऱ्यांनी आंघोळ दुपारी तीन-चारला केली तर फायदा दुहेरी. उन्हातल्या काळ्या टाकीतलं पाणी तोवर सकाळपेक्षा सात-आठ अंशांनी चढलेलं असतं, म्हणजे तापवायचं एक-तृतीयांश काम उन्हानेच केलेलं असतं. वॉशिंग मशीनचा ४० अंशांचा प्रोग्रॅम, पाण्याचा पंप, इस्त्री, ही कामं याच वेळेत करा. कपडे फार मळलेले नसतील तर मशीन गार पाण्यावरच चालवा. त्या प्रोग्रॅममधली बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते.